गच्चीवरचे धुतलेले जार

तुमच्या घरात शेवटचं काय घासून लख्ख केलंत, आणि घासण्याआधी ते जिवंत आहे का हे कुणाला विचारलंत?

प्रश्न उर्मट वाटेल. मी अशाच प्रश्नांच्या घरात वाढले. बाबा माझगावच्या गोदीत कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं असायची, गरम पातेलं पत्रकांच्या गठ्ठ्यावर टेकायचं. आयुष्यात मी पहिलं वाक्य वाचलं तेही पत्रकावरचं, आणि त्यात कुणाला तरी जाब विचारलेला होता. त्यामुळे अजूनही काही लिहायला घेतलं की जबाबदार कोण, ते मी आधी शोधते. या वेळी ते जमलेलं नाही.

माझ्या मोठ्या बहिणीकडे एक शेवाळ होतं. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे बंदराच्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो. तिथून ताईने कॉलेजच्या कामासाठी बाटलीभर पाणी आणलं होतं. त्यातली एक जात तिने वेगळी केली आणि वाढवली. एकेक पेशी इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना फक्त हिरवं पाणी दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मी पाहिलं तेव्हा हिरवे मणी सांडल्यासारखे वाटले. त्या मण्यांची एक खोड होती. त्यांचं खत तोडलं की ते आत तेल साठवू लागत. "माणूस उपाशी ठेवला की सुकतो, हे उपाशी ठेवलं की जाड होतं," ताई म्हणायची. त्या तेलाचं डिझेल करता येतं. तेल काढून उरलेल्या चोथ्यापासून प्लास्टिकसारखा पातळ कागद करता येतो, आणि तो मातीत कुजतो. ताईने असा एक तुकडा करून आणला होता. बाबांनी त्यावर पेनाने 'जिंदाबाद' लिहून पाहिलं. शाई फुटली, पण खूश झाले.

कॉलेजमधलं ते काम एका कंपनीच्या पाठबळावर चालायचं. सुरुवातीला बैठकांमध्ये इंधनाच्या गोष्टी व्हायच्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शेवाळाचं डिझेल पंपावरच्या डिझेलपुढे टिकत नाही, आणि खाण्याच्या शेवाळाच्या गोळ्या मात्र दादरच्या दुकानांत हातोहात जातात. ताईच्या सरांना सांगण्यात आलं की यापुढे खाण्याची जात वाढवा. गोदीच्या गढूळ पाण्यातली जात कोण खाणार? प्रयोगशाळेतली मांडणी रिकामी झाली, थंड कपाटात राखून ठेवलेल्या नमुन्यांच्या नळ्याही फेकल्या गेल्या. ताई पिशवीत मावतील तेवढ्या बाटल्या घेऊन लालबागला घरी आली. बाबा म्हणाले, "संप फुटला की माणसं डबा घेऊन घरी येतात. तू डबकं घेऊन आलीस."

मूळच्या बाटल्या खोलीबाहेरच्या फळीवर राहिल्या आणि गच्चीवर पिण्याच्या पाण्याचे मोठे पारदर्शक जार ओळीने उभे राहिले. माशांच्या टाकीला लावतात तसल्या पंपाने त्यांत हवा सोडलेली असायची. दिवसभर बुडबुडे. चाळीने ताईचं नाव डबक्याची राणी ठेवलं. शेजारच्या काकू मालवणच्या. आई गेल्यानंतर आम्हा दोघींच्या वेण्या त्यांनीच घातल्या. पापड वाळवायला गच्चीवर आल्या की त्या जारांकडे बघून म्हणायच्या, "तुझ्या डबक्याक चाय दिलंस काय गे?" त्यांना रोज सकाळी एक हिरवी गोळी लागते, सून दादरहून आणते. त्या गोळीत काय आहे ते ताईने सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, आणि दुसऱ्या दिवशीही गोळी घेतली. डबीत गेलं की ते औषध, जारात दिसलं की शेवाळ. यावर मी एक अख्खं पत्रक लिहू शकते. पण मला सांगायचंय ते यापुढचं.

मुंबईबाहेरच्या एका प्रयोगशाळेने ताईला बोलावलं होतं. गणपती झाले की जिवंत शेवाळ घेऊन या, आमच्या टाक्यांत ते तसंच तेल धरतंय असं दिसलं तर तुम्हाला जागा देऊ आणि काम पुढे नेऊ, असं त्यांनी कळवलं होतं. ताईची सगळी वर्षं त्या जारांत होती.

गणपतीच्या आधीच्या रविवारी आमची चाळ धुतली जाते. जिने, गॅलऱ्या, टाक्या, कुंड्या, जे दिसेल ते. कुणाचं काय हे त्या दिवशी बघत नाहीत. आजारी माणसाच्या घराचा उंबरा शेजारीण धुते आणि त्याबद्दल कुणी आभारही मानत नाही. त्या दिवशी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि आम्ही दोघी परळला हॉस्पिटलात होतो. मंडळाच्या मुलांनी रोषणाईसाठी गच्चीवरचा प्लग घेतला, म्हणून पंप बंद पडला. हलतं पाणी थांबलं की शेवाळ तळाशी बसतं, वर नितळ पाणी साचल्यासारखं दिसतं. त्याच आठवड्यात पालिकेची माणसं शेजारच्या इमारतीत डासांच्या अळ्या शोधून गेली होती. बुडबुडे नाहीत, पाणी हिरवं नाही, म्हणजे डबक्याचं काम संपलं असं समजून काकूंनी बायकांना हाक मारली. पोरगी बापामागे धावतेय, तिचं तेवढं काम आपण करू.

आम्ही आलो तेव्हा जार कठड्याला उपडे ठेवले होते. इतके स्वच्छ की पलीकडचे टॉवर त्यांतून दिसत होते. काकू मागोमाग चहा घेऊन वर आल्या.

"केवढा शेवाळ धरलेला गे बाय. ब्लिचिंग घालून घासलंव."

"सगळे?" ताईने विचारलं.

"सगळे. खोलीभायरच्यो त्यो बाटल्यो पण. तुका काय ठेवूक नाय."

ताईने एक जार उचलून आत नाक घातलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि काकूंना म्हणाली, "चहा द्या ना."

दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले. कंपनीवर लिहिलं, रोषणाईवर लिहिलं, स्वच्छतेच्या वेडावर लिहिलं. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवट पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "पत्रकाला शत्रू लागतो. तू काकूंचं नाव घालणार आहेस का?" कागद अजून तसाच पडला आहे.

काकूंना कळलंच. चाळीत काय लपतं. यंदा आमच्याकडे त्यांचे मोदक सुनेच्या हातून आले. विसर्जन झाल्यावर त्या स्वतः आल्या. एरवी आल्या की पंख्याखाली फतकल मारणाऱ्या काकू दारातच उभ्या राहिल्या आणि पदराखालून खोकल्याच्या औषधाची एक छोटी बाटली काढली. ती आमचीच होती. ताईने आदल्या वर्षी भोईवाड्याच्या नाक्यावर टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना याच शेवाळाच्या हिरव्या पाण्याच्या अशा बाटल्या वाटल्या होत्या. मी लिहिलेलं पत्रक प्रत्येक बाटलीला रबराने लावलेलं होतं. ताईने बाटली उजेडासमोर धरली. पाणी नितळ होतं.

"ही पण धुतलंय गे," काकू म्हणाल्या. "गंगाजल भरून देवाक ठेवलंय."

ताईने ती बाटली परत त्यांच्या हातात दिली आणि देवापाशीच ठेवा म्हणाली. काकू गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही. मी दिवा मालवला.

त्यानंतर ती रे रोडला कितीदा तरी गेली. पाणी आणते, वाढवते, काचेखाली बघते. त्या पाण्यात असंख्य जाती आहेत, आणि ती एक अजून हाताला लागलेली नाही. कदाचित लागणारही नाही. प्रयोगशाळेने दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. ताई आता त्याबद्दल बोलत नाही. गच्चीवरचे जार काकू येताजाता बघतात आणि नजर वळवतात.

म्हणून तुमच्याकडे आले आहे. ताईने बाटल्या वाटल्या त्या दिवशी भोईवाड्याच्या नाक्यावरून तुम्ही गेला असाल, आणि एका चष्मेवाल्या मुलीने हातात कोंबलेली बाटली नाही म्हणवेना म्हणून घरी नेली असेल, तर आज उठून बघा. औषधांच्या मागे, खिडकीच्या कोपऱ्यात, मुलांच्या खेळण्यांत. पाणी पिवळट झालं असेल, तळाशी गाळ असेल, वास येत असेल. तरी ओतू नका, धुऊ नका. झाकण थोडं सैल करा, बाटली हलकेच हलवा, थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात ठेवा. आणि जिथे घेतली होतीत तिथेच शनिवारी संध्याकाळी घेऊन या. ताई तिथे टेबल मांडून बसलेली असते. टेबलावर या वेळी पत्रक नाही.