किक मालकानंच मारायची

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला बरखेड्यात आमच्या स्कूटर-मिस्त्रींवर अन्याय झाला. टाऊनशिपच्या इस्टेट ऑफिसचे साहेब आले, ‘अतिक्रमण’ म्हणाले आणि कडुनिंबाखालची मिस्त्रींची अवजारांची पेटी जीपमध्ये घालून पाठवून दिली. नोटीस नाही, पावती नाही.

मिस्त्री नागपूरकडचे. दुसऱ्याच्या स्कूटरला ते स्वतः कधीच किक मारत नाहीत. मालकाला मारायला लावतात आणि इंजिनाकडे नाही, मालकाच्या पायाकडे बघतात. कित्येकांना तर प्लग न उघडताच, नुसती चूक सांगून परत पाठवतात. “गरम गाडीले चोक कायले देता भाऊ?”

त्या दिवशी जीप गेली आणि साहेबांची स्वतःची स्कूटरच सुरू होईना. साहेब घामाघूम. मिस्त्रींची नजर त्यांच्या पायावर. मी मिस्त्रींच्या कानात पुटपुटलो, “जाऊ द्या काका, ढकलत नेऊ देत.”

“ओव्हरफ्लो झाली साहेब, पेट्रोल जास्त झालं,” मिस्त्री म्हणाले. “पेट्रोल बंद करा, चोक बंद करा, रेस फुल. आता मारा. अजून. अजून मारा न!”

भाजीवाल्यांसकट सगळा रस्ता बघत उभा राहिला. बऱ्याच किका खाऊन, धूर ओकत स्कूटर सुरू झाली. साहेब मान खाली घालून निघून गेले.

ही मदत होती की शिक्षा? मी विचारलंच. “चोक ओढूनच ठेवला होता त्यायनं,” एवढंच म्हणाले. मला अजून कळलेलं नाही.

पण पेटी अजून ऑफिसातच आहे. तुमची स्कूटर त्यांनी कधी सुरू करून दिली असेल, तर ‘बिचारे’ म्हणत घरी बसू नका. सोमवारी दहाला इस्टेट ऑफिसात या आणि पेटी मागा.