वॉचमन बदलू का?

चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "वाघमारे, तुझ्या कामातला एखादा किस्सा सांग ना!" एखादा? अहो, बारा वर्षांत इतके साचलेत की कपाटातल्या साड्यांसारखं झालंय. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. आणि लोकांना वाटतं, सगळे हसायचेच असतील.

आधी काम सांगते. बरकतपुऱ्यात आमचं छोटंसं ऑफिस आहे. ज्या गल्ल्यांत चोऱ्यामाऱ्या जास्त, तिथल्या दुकानांची, गोदामांची आम्ही पाहणी करतो. चोर कुठून येईल, कसा येईल, कुणाच्या जिवावर बेतेल, ते सगळं त्याच्याआधी आम्ही शोधायचं आणि मालकाला लिहून द्यायचं. आम्ही तिघं. जाधव सर पोलीस खात्यातून रिटायर झालेले, खलील भाई कुलपांचे उस्ताद, आणि तिसरी मी. माझी आई मात्र नल्लकुंट्यातल्या शेजारच्या बायकांना अजून सांगते, "पोरगी इन्शुरन्समध्ये आहे." पोरगी चोराच्या डोक्यानं विचार करायचा पगार घेते, हे बिचारीनं कुठल्या तोंडानं सांगावं!

एक गोष्ट मात्र कुठंही बदलत नाही. दुकान केवढंही असो, आम्ही रिपोर्ट टेबलावर ठेवला की पान उलटायच्या आधीच मालक विचारतो, "वॉचमन बदलू का?" आमच्या कागदावर कुणाची तरी भाकरी अडकलेली असते, आणि ती मालकाची कधीच नसते. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कळून काय दिवे लावले, ते पुढं सांगते.

*

बांगड्यांचे एक होलसेलवाले होते. शटर फोडून चोरी झाली म्हणून त्यांनी मागच्या दाराला हे एवढं कुलूप आणलं. परदेशी! आम्ही गेलो तर सेठ अर्धा तास कुलपाचंच कौतुक सांगत बसले. कापता येत नाही, फोडता येत नाही, दुसरी चावी बनत नाही.

खलील भाई "हौ, हौ" करत ऐकत होते आणि हात खिशातल्या पेचकसाकडं. त्या दाराचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, बाहेरच्या अंगाला होत्या, स्क्रू उघडे. सेठचं बोलणं संपेपर्यंत खलील भाईंनी अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं.

"ताला सलामत है, सेठ. दरवाज़ा ये लो."

सेठनी कुलूप एकदा ओढून बघितलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, रात का वॉचमन बदल दूँ क्या?"

*

एका कपड्यांच्या दुकानात सोळा कॅमेरे होते. जाधव सरांनी स्क्रीनवर एकेक बघितला. सगळे कॅमेरे काउंटरवरच्या पोरींवर आणि गाठोडी उचलणाऱ्यांवर. मागच्या दारावर एकही नाही, आणि चोरी तर मागच्या दारानंच झालेली.

"अहो, तिकडं एक तरी लावायचा ना!" सर चिडले.

मालक शांतपणे म्हणाले, "तिकडं आपला माणूसच उभा नसतो, साहेब. बघायचं काय?"

*

हा माझा. हसा हवं तर. एका सोनाराच्या दुकानाचा रिपोर्ट मी रिक्षात विसरले. साधा कागद नव्हता तो. कुठली खिडकी कमकुवत, अलार्मची वायर कुठून जाते, सगळं नकाशासकट लिहिलेलं. चोराला आयता तयार केलेला अभ्यासच! मी ऑफिसात बसून रडले. जाधव सरांनी पाण्याचा ग्लास पुढं ठेवला, ते जास्त लागलं.

दोन तासांनी सोनाराचाच फोन आला. रिक्षावाला पत्ता वाचून थेट त्याच्या दुकानात गेला होता. कागद हातात देऊन म्हणाला होता, "सेठ, पहले पीछे की खिड़की ठीक करा लेव. हम भी पढ़ लिए."

सोनारानं त्याच दिवशी खिडकीला जाळी बसवली. आमचा रिपोर्ट मुकाट्यानं वाचून लगेच काम केलेला एवढाच मालक मला आठवतो.

*

हा हसायचा नाही. एका औषधाच्या दुकानात भरदुपारी एकानं काउंटरवरच्या पद्माच्या गळ्याला चाकू लावला. तिला काही झालं नाही, म्हणजे जखम झाली नाही. आम्ही लिहून दिलं, काउंटरखाली घंटा बसवा, पायानं दाबता येईल अशी.

महिन्याभरानं बघायला गेलो. घंटा बसवली होती, पण मालकाच्या केबिनमध्ये, त्याच्या खुर्चीखाली! "काउंटरवर दिली तर स्टाफ उगाच वाजवत बसेल," म्हणाला.

मी पद्माकडं बघितलं. ती गोळ्यांचं पाकीट कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, वो बजाएँगे तो बचाने को मैंच दौड़ना."

*

आता मल्लय्याचा.

गौलीगुड्यात इलेक्ट्रिक सामानाचं एक गोदाम आहे. तांब्याच्या वायरची बंडलं तिथून दोनदा गेली. सेठचा संशय गेटवरच्या मल्लय्यावर. साठीचा माणूस, अर्धं आयुष्य त्याच गेटवर गेलेलं, घरात कमावणारा एकटाच. ही नोकरी गेली तर या वयात त्याला दुसरीकडं कोण उभं करणार? सेठ म्हणाला, "रिपोर्टमध्ये नापास झाला, तर काढतो."

अशा ठिकाणी आमची एक पद्धत आहे. न सांगता जायचं. किती आत शिरता येतं आणि काय बाहेर आणता येतं, ते बघायचं. फक्त मालकाला माहीत असतं. त्या दिवशी मी फाइल घेऊन गेले.

"कौन हैं अम्मा? कार्ड दिखाओ," मल्लय्यानं अडवलं.

"ऑडिटची आहे. कार्ड घरी राहिलं."

"तो नक्को."

तेवढ्यात वरून मॅनेजर ओरडला, "ए मल्लय्या! ऑडिटवाल्या मॅडमना उन्हात उभं करतो? आने दो!" मॅनेजर म्हणजे सेठचा साडू. मल्लय्या बाजूला झाला. वर मला चहा मिळाला, पंख्याखालची खुर्ची मिळाली. मॅनेजर फोनवर बोलत होता, तोवर टेबलावरचा गोदामाच्या चाव्यांचा जुडगा मी पर्समध्ये टाकला.

बाहेर पडताना मल्लय्यानं हात आडवा केला. "थैला."

"अरे, मॅनेजर साहेबांनी सोडलं ना मला!"

"अंदर उनो छोड़े. बाहर मैं छोड़ता."

चाव्या निघाल्या. म्हाताऱ्यानं गेट लावून घेतलं. आवाज मात्र चढला नाही. स्वतःचं स्टूल माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "बैठो अम्मा. सेठ आते." सेठ हसत आला, "अरे, ये अपनेच लोगां हैं!" मल्लय्यानं चाव्या सेठच्याच हातात दिल्या. मला चोरी पकडली गेल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

आणि मग मी ऑफिसात येऊन फॉर्म भरला. आमचा फॉर्म म्हणजे प्रश्न आणि पुढं दोन चौकोन, हो किंवा नाही. गेटचा प्रश्न एकच: 'अनोळखी व्यक्तीला ओळखपत्राशिवाय आत सोडले का?' सोडलं होतं. मी 'हो'वर खूण केली. शेऱ्यासाठी खाली दोन ओळी असतात. त्या दिवशी अजून तीन फॉर्म पडले होते. मी ओळी रिकाम्या ठेवल्या. म्हटलं, सेठनं तर डोळ्यांनी बघितलंय.

आठ दिवसांत मल्लय्याला काढलं. मी फोन केला तर सेठ म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना, गेट फेल."

"पण आत तर मॅनेजरनी सोडलं!"

"मॅनेजरचा प्रश्न फॉर्ममध्ये कुठं आहे?"

नव्हताच. जाधव सर स्वतः सेठला भेटायला गेले. नुसता चहा पिऊन परत आले.

पुढच्या महिन्यात मल्लय्या आमच्या ऑफिसच्या दारात उभा. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं मला. तो म्हणाला, एका शाळेत जागा आहे, पण आधीची नोकरी का सुटली ते विचारतात. "आप लिखके देव अम्मा. मैं आपकू पकड़ा, बोलके."

मी लेटरहेड काढलं. या वेळी चौकोन नाहीत, सरळ वाक्यं. सगळं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. जाधव सरांनी वाचलं आणि खाली स्वतःची सही केली.

मल्लय्याला वाचता येत नव्हतं. "पढ़के सुनाओ," म्हणाला. मी हिंदीत सांगत गेले. मी गोदामाच्या चाव्यांची चोरी करून बाहेर पडत होते, मॅनेजरनं मला आत सोडलं होतं, मल्लय्यानं मला पकडलं.

त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग कागद माझ्यापुढं परत सरकवला.

"चोरी नक्को लिखो अम्मा," तो म्हणाला. "कागज़ पे रह जाता. कल कोई पढ़ा, तो आपकी नौकरी जाती."