काड्यांची बाटली आणि चिमणी

पहिल्या बाटलीत हंबीररावांनी शेंगतेल ओतलं. वर गुलाबाचं अत्तर टाकलं, केरसुणीच्या काड्या खोचल्या आणि बाटली नेऊन सुनेच्या नव्याकोऱ्या ब्युटी पार्लरच्या खिडकीत ठेवली. दुपारचं ऊन आत आलं, तेल तापलं, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यानं जाणारे दोघंजण आत डोकावून भज्यांची प्लेट केवढ्याला म्हणून विचारून गेले. तिसरा तर सरळ खुर्चीवर बसलाच. तेजस्वीनं, म्हणजे सुनेनं, त्याला उठवलं आणि बाटली सासऱ्याच्या पुढ्यात आणून आदळली.

"मामा, सुगंध करायला सांगितलं होतं. भज्यांचा घाणा काढायला न्हाय."

हंबीररावांनी बाटली उचलली आणि गोठ्याकडं निघाले. ऐकून घेणं हा त्यांचा स्वभाव नव्हे, पण प्रकरण चिमणीचं होतं.

चिमणी म्हणजे त्यांची म्हैस. लहानपणी ती चिमणीएवढी होती असं हंबीरराव सांगत, पण त्याला साक्षीदार कुणी नाही. आता दारातून जाताना तिच्या पोटाच्या दोन्ही बाजू चौकटीला घासत. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर हंबीररावांची एकेकाळी दावणच्या दावण उभी असायची. गिऱ्हाईक पेला पुढं करायचं, हे धार मारायचे, आणि फेसाची मिशी घेऊन गिऱ्हाईक घरी जायचं. पुढं गुडघे दुखायला लागले, मुलगा विश्वजित गाड्यांच्या शोरूमला चिकटला, म्हशी एकेक करून गेल्या. राहिली चिमणी. रोज सकाळी हंबीरराव तिला पेपर वाचून दाखवत. शेअर बाजाराचं पान सोडून, कारण ते तिला कळत नसे.

दोन हजार चार साली तेजस्वीनं पुण्याला जाऊन पार्लरचा कोर्स केला आणि घरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दुकान थाटायचं ठरवलं. सोप्याच्या मागच्या दाराला लागूनच गोठा. ती मूळची कुरुंदवाडची, शेणाला नाक मुरडणारी नव्हे. पण पुण्याच्या मॅडमच्या पार्लरमध्ये कोपऱ्यात एक काचेची बाटली असायची, तिच्यातनं काड्या वर आलेल्या, आणि धूर नाही, जाळ नाही, नुसता मंद वास. ते तिच्या मनात बसलं होतं. आपल्याकडं बायका डोळे मिटून फेशियलला आडव्या होणार आणि पलीकडं म्हैस रवंथ करणार, हे तिला पटेना. तिनं सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं, की उद्‌घाटनाच्या आत वास गेला तर ठीक, न्हायतर चिमणी कळंब्याला, विश्वजितच्या आत्यांच्या रानात. विश्वजितनं दोघांचंही बरोबर आहे असं सांगून पान खायला बाहेर पडायचं धोरण ठेवलं.

"कसला वास?" हंबीररावांनी खरोखर विचारलं. त्यांनी खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. त्यांना काहीच आलं नाही. जन्मभर जे नाकात आहे ते नाकाला कसं कळणार. पण कळंबा हा शब्द कळला. तिथं तळं होतं, चारा होता, सगळं होतं. फक्त पेपर कोण वाचणार होतं?

शेंगतेलाची फजिती झाल्यावर ते गोठ्यातच पाट टाकून बसले. केरसुणीची काडी तेल वर चढू देत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. वातीसारखी भुसभुशीत काडी पाहिजे. थंडीचे दिवस होते, वैरणीच्या भाऱ्यात उसाचे वाळके तुरे आले होते. तुऱ्याची दांडी मोडून पाहिली तर आत भेंडासारखी. ठरलं. निमुळत्या तोंडाची बाटली पाहिजे, तर चिमणीला मागं शिरेतनं कॅल्शियम दिलं होतं त्याची रिकामी बाटली फळीवर होती. तेल पातळ पाहिजे, तर पोटफुगीला म्हणून जनावरांच्या डॉक्टरनं दिलेलं पॅराफिन होतं, त्यात जखम पुसायचं स्पिरिट घातल्यावर ते पाण्यागत झालं. राहिलं अत्तर. दिवाळी पाडव्याला चिमणीच्या शिंगांना चोळायचं केवड्याचं अत्तर अर्धी कुपी शिल्लक होतं. तेही ओतलं.

थोडक्यात, म्हशीचा वास घालवायला जे जे लागलं ते सगळं म्हशीचंच होतं. हे हंबीररावांच्या ध्यानात आलं नाही. आपण बिनपैशात काम केलं एवढंच आलं.

बाटली चालली. तुऱ्यांच्या दांड्यांनी तेल असं ओढलं की दुसऱ्या दिवशी सोपा केवड्याच्या बनागत झाला. तेजस्वी आत आली, थांबली, नाक वर करून एक गिरकी घेतली आणि म्हणाली, "मामा, झ्याक जमलं की." हंबीररावांनी त्या दिवशी चिमणीला पेपर दोनदा वाचून दाखवला.

उद्‌घाटन झालं. गल्लीतल्या बायका आल्या, पेढे खाऊन गेल्या. पहिलं खरं गिऱ्हाईक मात्र पुढच्या आठवड्यात आलं. बाळाबाई. गल्लीच्या तोंडाला त्यांचा दीडशे म्हशींचा पिढीजात धंदा, आणि शब्दाला वजन. पुतण्याच्या लग्नासाठी त्यांना भुवया कोरून घ्यायच्या होत्या. मुलगा पिराजी त्यांना बुलेटवरनं घेऊन आला. सायलेन्सर फुटलेली बुलेट. ती बंद न करताच तो दारात उभा राहिला.

आता इथं पाडव्याचं सांगायला पाहिजे. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, कवड्यांच्या माळा घालायच्या, अत्तर चोळायचं, आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल धडधडवत पुढं सुटायचं. म्हैस मागनं पळते. चिमणी त्यातली मानाची. ती पळायचीच, पण गाडी थांबली की पुढचे दोन पाय मागच्या सीटवर ठेवून ताठ उभी राहायची. लोक शिट्ट्या मारायचे, हंबीरराव गुळाचा खडा द्यायचे.

आठवडाभर चिमणीला केवड्याचा वास येत होता आणि ती वाट बघत होती. त्यात बुलेट वाजली.

तेजस्वीच्या दातात दोरा होता. बाळाबाईंची उजवी भुवई कमानीसारखी कोरून झाली होती, डावीला हात लागायचा होता. मागचं दार उघडलं. ते तसंही नुसतं लोटलेलंच होतं. चिमणी आत आली, सवयीनं आजूबाजूला गर्दी आहे का पाहिलं, आणि सीट म्हणून जे समोर दिसलं त्यावर, म्हणजे फेशियलच्या पलंगावर, पुढचे दोन पाय ठेवून ताठ उभी राहिली. आरशात तीन म्हशी दिसायला लागल्या, कारण आरसे तीन होते.

हंबीरराव मागोमाग धावत आले. दृश्य बघून त्यांच्या तोंडातून जे निघायला नको होतं तेच निघालं.

"शाब्बास गं माझी वाघीण."

तेजस्वीच्या दातातला दोरा तुटला. बाळाबाई उठल्या त्या थेट बुलेटवर जाऊन बसल्या, आणि पिराजीनं घाबरून गाडी भरधाव सोडली. ती त्याची चूक. चिमणीच्या हिशेबानं आता पळायचंच होतं. पुढं बुलेट, बुलेटवर एका भुवईची बाळाबाई, मागं शेपूट उभी केलेली चिमणी, तिच्यामागं गुडघे धरून हंबीरराव, अशी मिरवणूक रंकाळ्यापर्यंत गेली. कडेच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. एकानं पाडवा पुढं ढकलला काय म्हणून विचारलं. पिराजी जितकी गाडी रेटायचा तितकी चिमणी खूश.

धारेच्या वेळेला ती आपली आपण घरी आली. हंबीरराव त्याआधीच येऊन तिचं दावं, घमेलं आणि चष्म्याची डबी पिशवीत भरून बसले होते. कळंब्याला जायचंच तर आपणही तिथंच राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेजस्वी पलंगावरचे खुरांचे ठसे पुसत होती.

तेवढ्यात बाळाबाईंचा निरोप घेऊन पिराजी आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, गाडी लांब लावून.

"वैनी, आई म्हणती, म्हशीचं काय न्हाय. आमच्या दारात काय कमी हायत काय. पण त्या बाटलीनं तिचं डोकं असं चढलंय की बाम लावून पडलीया. अत्तराचा वास पार्लरात कशाला, असं विचारलंय."

तेजस्वीनं फडकं खाली ठेवलं. मग एकेक करून आठवलं. उद्‌घाटनाला आलेल्या बायकांनी पेढा घेऊन पदर नाकाला लावला होता तो कशानं, हे आता तिला कळलं. गल्ली गवळ्यांची. म्हशीचा वास त्यातल्या एकीलाही आला नव्हता. तिनं बाटली उचलली, दोन बोटात धरून मोरीत उपडी केली, आणि सासऱ्यांच्या पिशवीतली चष्म्याची डबी काढून फळीवर जागेला ठेवली.

"मामा, मागच्या दाराला कडी तेवढी लावून घ्या," ती म्हणाली.

पार्लर चाललं, अजून चालतंय. बायका येतात, पलंगावर कुठं पाय ठेवलेला ते विचारतात आणि विचारता विचारता भुवया करून जातात. बाळाबाई मात्र लग्नात सगळ्या फोटोंत कोरलेली उजवी भुवई पुढं करून उभ्या राहिल्या. तेजस्वीनं दोनदा निरोप धाडला, घरी येऊन डावी करून देते म्हणून. बाळाबाईंनी सांगितलं, सवड झाली की मीच येईन. आता उजवीही वाढून पहिल्यागत झाली असेल. पण पैसे दोन्हींचे आधीच दिलेले, त्यामुळं एक भुवई हंबीररावांच्या घरावर अजून देणं आहे.