दारूबंदीच्या जिल्ह्यात प्यायलेली गाडी

“मॅडम, फुंका.”

नाक्यावरच्या हवालदारांनी यंत्राची नळी माझ्या तोंडासमोर धरली. सकाळची वेळ. मी सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टर, म्हणजे इकडच्या भाषेत ढोरांची डॉक्टर, ड्युटीवर निघालेली. शेजारी आमच्या दवाखान्याचे परिचर मडावीभाऊ. मागच्या सीटवर बर्फात ठेवलेल्या लसींचा खोका. आणि गाडीत मोहाच्या दारूचा असा भपकारा, की हवालदार काचेशी वाकले आणि लगेच एक पाऊल मागे सरले. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे वेगळं सांगायला नको.

मी फुंकलं. शून्य. मडावीभाऊंनी फुंकलं. शून्य. हवालदारांनी यंत्र झटकलं आणि शेजारच्या शिपायाला फुंकायला लावलं. त्याचंही शून्य.

“मशीन बिघडली वाटते,” हवालदार म्हणाले.

“मशीन बरोबर आहे. आम्हीही बरोबर आहोत,” मी म्हणाले.

“मंग पिऊन कोन आहे?”

मी मडावीभाऊंकडे पाहिलं. अर्ध्या रस्त्यापासून मला तो वास येत होता आणि माझा सगळा संशय त्यांच्यावर होता. पन्नाशी उलटलेल्या, मला सांभाळून घेणाऱ्या माणसाला सकाळी सकाळी कसं विचारायचं, म्हणून गप्प बसले होते. मडावीभाऊ खाली मान घालून पुटपुटले, “मले वाटलं, मॅडमचा पर्सनल मामला आहे. आपन काऊन बोलाचं?”

झालं. म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांची अब्रू राखत इथवर आलो होतो.

ही गाडी माझ्याकडे कशी आली, ते सांगते. आलापल्लीच्या पुढे जंगलात आमचा दवाखाना. दवाखान्याची जीप केव्हाच मोडीत निघालेली, एसटी दिवसातून एकदा येणार आणि जनावरं काही एसटीचं टाइमटेबल बघून आजारी पडत नाहीत. म्हणून मी एका निवृत्त वनपालसाहेबांची जुनी छोटी गाडी घेतली. साहेब मुलाकडे चंद्रपूरला राहायला गेले होते आणि गाडी त्यांच्या बंद घराच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली दोन वर्षं उभी होती. टायर बसलेले. बॅटरी मेलेली. बॉनेटवर इतका पाचोळा, की पेरलं असतं तर उगवलं असतं. चार माणसांनी ढकलत ती दवाखान्यात आणली.

सर्व्हिसिंग मिस्त्रीकडूनच करून घेणार होते. पण महिना मेचा. गॅरेजच्या शटरवर खडूनं लिहिलं होतं, ‘तेंडू झाल्यावर भेटू.’ तेंडूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे मिस्त्री, शिंपी, न्हावी, सगळे बायकापोरांसह जंगलात असतात. विडीची पानं तोडायची हीच वेळ, आणि वर्षाची कमाई त्यात. त्यांचंही बरोबरच होतं. पण माझ्याकडे थांबायला वेळ नव्हता.

कारण आठवडी बाजारात डोंगरापलीकडच्या एका गावचे पाटील मला भेटले होते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथली ढोरं आधीच पुरेशी बदनाम झाली आहेत. त्यांना पावसाआधी घटसर्पाची लस हवी होती. घटसर्प म्हणजे जनावराचा घसा सुजतो, श्वास कोंडतो आणि सकाळी चरायला गेलेला बैल दुसऱ्या दिवशी दिसत नाही. पाऊस लागला की हा रोग उठतो, आणि पाऊस लागला की त्या गावचा नालाही भरतो. मग तिथं कोणी पोचत नाही. जे करायचं ते आत्ताच.

“सोमवारी ढोरं जंगलात सोडत नाई. आखरावर रोखून ठेवतो,” पाटील म्हणाले. आखर म्हणजे गावाबाहेर जनावरं गोळा करायची जागा. “पन बाई, आधी दोनदा रोखली होती. दिवसभर उपाशी उभी राह्यली. कोनी आलं नाई. आता लोक म्हनून राह्यले, हे शेवटचं. तुम्ही नाई आल्या, तर पुन्हा कोनी रोखनार नाई.”

“मी येते,” मी म्हणाले. बोलून बसले तेव्हा गाडी चालू झालेलीही नव्हती.

मग मी चंद्रपूरला बाबांना फोन लावला. बाबांची सारी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. आमच्या घरात बुद्धवंदनेनंतर कशावर सगळ्यात जास्त श्रद्धा असेल, तर ती वेळच्या वेळी ऑइल बदलण्यावर. पण त्यांचा हात बसवर बसलेला, आणि आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. मी पायऱ्यांवरून ऐकायचं, खाली येऊन करायचं, पुन्हा वर जायचं. बाबा चंद्रपुरातून उंटावरून शेळ्या हाकत होते आणि शेळी मीच होते.

“ऑइल कसं आहे?”

“काकवीसारखं.”

“काढ पूर्ण. खाली बोल्ट आहे.”

मी गाडीखाली शिरले, बोल्ट फिरवला, तेल वाहू लागलं. स्वच्छ, पिवळसर, मधासारखं. मला फार आनंद झाला. धावत वर गेले.

“बाबा, खालून एकदम छान निघून राह्यलं!”

पलीकडून एक मोठा उसासा. “माय, तो गिअरबॉक्स आहे. तू बरा अवयव कापला.”

मग इंजिनाचा खरा बोल्ट सापडला. गिअरबॉक्समध्ये तेल परत घालायचं भोक मात्र अशा बोळकांडीत, की फनेल पोचेना. मी दवाखान्यात गेले आणि बैलाच्या पोटात औषध सोडायची रबरी नळी आणली. नळी भोकात, वर फनेल, तेल शांतपणे आत. माझ्या कॉलेजच्या सरांनी पाहिलं असतं तर मला पूर्ण मार्क दिले असते. स्पार्क प्लगवरची काजळी खुरं तासायच्या चाकूनं खरवडली. ब्रेकचं तेल इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं भरलं. आपल्याकडे जी हत्यारं असतात, त्यांनीच आपण लढतो.

एअर फिल्टर म्हणजे इंजिनाचं नाक. त्याचा डबा उघडला, तर आत उंदरांचा संसार. सीटचा कुरतडलेला स्पंज, सुकी पानं, दोनचार वाळलेली मोहफुलं. मी सगळं झाडून काढलं, नवा फिल्टर बसवला आणि भाडेकरू गेले असं समजले. रेडिएटरमधून गंजाचं लाल पाणी काढून ताजं पाणी भरलं. आलापल्लीहून नवी बॅटरी आणली. शुक्रवारी संध्याकाळी चावी फिरवली. गाडी खोकली, शिंकली, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. मी आणि मडावीभाऊ अंगणात अक्षरशः नाचलो. एवढा आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

त्या आनंदाच्या भरात मी गाडी धुतली. साधी नाही, घसाघसा. काचेच्या खाली एक काळी प्लास्टिकची जाळी असते, तिथं तर बादल्याच्या बादल्या ओतल्या. पाणी आत जात होतं आणि मी खूष होत होते, की बघा, कसं आतपर्यंत स्वच्छ होतंय.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. पहिल्या मोठ्या चढावर इंजिनाचा काटा वर चढू लागला. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “काटा चढला तर घाबरू नको. हीटर फुल लाव.” मे महिन्यात हीटर हा वेडेपणा वाटेल, पण त्यात अर्थ आहे. हीटरच्या नळ्यांमधून इंजिनातलंच गरम पाणी फिरतं. पंखा लावला की ती उष्णता गाडीत येते, तेवढं इंजिन थंड होतं. म्हणजे इंजिनाचा ताप आपण अंगावर घ्यायचा. मी काचा खाली केल्या, हीटर लावला. काटा उतरला. आणि काही वेळानं तो वास यायला लागला.

आता पुन्हा नाक्यावर.

हवालदारांनी सीटखाली पाहिलं, डिकी पाहिली आणि मग त्यांची नजर बर्फाच्या खोक्यावर गेली. “हा उघडा.”

मी झटकन मागे गेले आणि खोक्यावर बसले. आता विचार करून हसू येतं. दारूचा घमघमाट, आणि बर्फाच्या खोक्यावर ठाण मांडून बसलेली बाई. माझ्याकडे बघून कुणाचाही संशय दुप्पट झाला असता.

“यात लस आहे,” मी म्हणाले. “या उन्हात झाकण उघडं राहिलं तर ती वाया जाईल. वाया गेलेली लस बाहेरून चांगल्या लसीसारखीच दिसते. मी ती टोचेन, लोक विश्वास ठेवतील, आणि पावसात जनावरं मरतील.”

“कशाची लस?”

“घटसर्पाची.”

हवालदारांचा आवाज बदलला. “आमच्या घरची जोडी त्यानंच गेली होती. एका आठवड्यात दोन्ही बैल. बाबा जेवले नाई किती दिवस.” मग त्यांनी टोपी नीट केली. “बसा तुम्ही खोक्यावरच. आपन नाकानं शोधू.”

आणि खरंच, ते वास घेत घेत गाडीभोवती फिरले. सीट, दार, डॅशबोर्ड. “हे गाळलेली नाई. हे भिजवन आहे, आंबवलेला मोह,” असं ते ज्या खात्रीनं म्हणाले, ती पाहून त्यांना हे कसं कळतं ते मी विचारलं नाही. मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि काचेखालच्या त्या काळ्या जाळीवर बोट ठेवलं.

मडावीभाऊंनी जाळीचे स्क्रू काढले. आत मोहफुलं. ओंजळीच्या ओंजळी, फुगलेली, फेसाळलेली, बुडबुडे येत असलेली. उंदरांनी दोन हंगाम झाडाखालून फुलं वेचून तिथं कोठार भरलं होतं. गाडीच्या पंख्याला हवा तिथूनच मिळते. मी वरून बादल्या ओतल्या, पाचोळ्यानं बुजलेल्या भोकांतून पाणी निघून गेलं नाही, आणि मेच्या उन्हात तीन दिवस सगळं छान आंबलं. वर हीटरचा पंखा. मी जिल्ह्यात सरकारी कामावर चालती भट्टी घेऊन फिरत होते.

हवालदार इतके हसले की त्यांना बॉनेटला धरावं लागलं. “आता पंचनामा कोनावर करू? उंदरावर?”

मी मोह उपसून रस्त्याकडेला टाकणार, तेवढ्यात ते ओरडले, “इथी नका फेकू! रातच्याला अस्वल येते. आम्ही इथंच झोपतो, मॅडम.”

म्हणून तो सगळा मोह एका पोत्यात भरून आम्ही डिकीत ठेवला. हवालदारांनी नाक्यावरचा आडवा बांबू वर उचलला आणि मला चक्क सॅल्यूट ठोकला.

आम्ही गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आखरावर ढोरं उभी, लोक उभे. पाटील रस्त्याकडे डोळे लावून होते. त्यांच्या मागे दोन गुराखी काठ्या घेऊन ढोरं सोडायच्याच बेतात होते. आणखी थोडा उशीर झाला असता, तर संपलं होतं.

पण खरी अडचण पुढेच होती. टोचायला जनावर खोड्यात घ्यावं लागतं. खोडा म्हणजे लाकडी खांबांची अरुंद चौकट. जनावर आत, मागे दांडा, मग सुई. सांगायला सोपं. जंगलातली ढोरं खोडा पाहिला की चौखूर उधळतात. पहिल्या गाईनंच तिघांना लोळवलं. गुराखी वैतागले. “असंच चाललं तर रात होईल,” कुणीतरी म्हणालं, आणि मला ते मान्य होतं.

तेवढ्यात मागून मडावीभाऊंची हाक आली. “मॅडम, गाडी!”

माझ्या गाडीभोवती आठदहा गाई गोळा झाल्या होत्या. एक जाळीला चाटत होती. एकीनं डिकीला शिंगं लावली होती. मोहफूल म्हणजे ढोरांचा जीव की प्राण, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण सुचलं मात्र तेव्हा.

पोतं काढलं. खोड्याच्या पुढच्या टोकाला मूठभर मोह ठेवला. तीच तिघांना लोळवणारी गाय तुरुतुरु चालत खोड्यात शिरली. मी टोचलं, तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. तिच्या मागे दुसरी, मग बैल, मग म्हशी. आंबलेला मोह जास्त खाल्ला तर जनावराचं पोट बिघडतं, म्हणून मी मुठीचं माप चिमटीवर आणलं. पोतं संपत आलं तेव्हा एक म्हातारी बाई घरातून सूपभर वाळलेला मोह घेऊन आली. तिचं पाहून दुसरी आली. गावात कोणाच्या घरी मोह नसतो? पोरांनी टाळ्या वाजवल्या, गुराखी काठ्या टाकून सावलीत बसले. दुपार कलायच्या आत शेवटचं वासरू टोचून झालं. पाटलांनी अंगणात खाट टाकून मला आंबिल पाजली. मी ती गटागटा प्यायले आणि मला रडू आलं. आनंदाचंच होतं.

त्या पावसाळ्यात त्या गावात घटसर्प उठला नाही.

पुढच्या मेमध्ये पुन्हा गेले. गावाच्या वळणावर मी नुसता हॉर्न वाजवला, तर आखरावरची ढोरं रस्त्याकडे पळत निघाली. पाटील त्यांच्या मागे धापा टाकत आले.

“बाई,” ते म्हणाले, “आधीच्या डॉक्टरांची वाट आम्ही पाहत होतो. तुमची वाट ढोरं पाहून राह्यली.”

माझ्या नोकरीत मला प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही. मिळालं तरी ते याच्यापुढे फिकं पडेल.

तर ज्यांना जुनी गाडी घेऊन पहिल्यांदा स्वतः सर्व्हिसिंग करायचं आहे, त्यांना अनुभवाचं सांगणं एवढंच. इंजिनाचा बोल्ट आणि गिअरबॉक्सचा बोल्ट वेगळे असतात. आणि काचेखालच्या जाळीत पाणी ओतण्याआधी ती उघडून आत कोण राहतं ते बघावं. माझी गाडी अजून मस्त चालते. डिकीत आता वाळलेल्या मोहाचं पोतं कायम असतं, आणि जाळीतला जुना वासही पुरता गेलेला नाही. हीटर मात्र मी नाका ओलांडल्यावरच लावते.