सुलाबाईनं काय पाहिलं

दिनकररावांनी वळणावरच्या दुकानात चहा संपवला, लिंबाखाली लावलेल्या गाडीत बसले, पट्टा लावला, आरसा फडक्यानं लख्ख पुसला आणि त्या आरशात एकदाही न बघता गाडी रस्त्यावर घातली.

जन्म कालवा निरीक्षकाच्या नोकरीत गेलेला. पाणी सोडायचं, पुढचं ज्यानं त्यानं बघून घ्यायचं. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेल्या गाडीलाही त्यांनी तीच शिस्त लावली होती. मागून राणीसावरगावचा बालाजी गवंडी मोटारसायकलवर आपल्या बाजूनं, बेतानं येत होता. धाडकन आवाज झाला. दिनकरराव उतरले तेव्हा बालाजी डांबरावर निपचित पडलेला, त्याचा उजवा पाय पायानं वळू नये तिकडं वळलेला, आणि हवेत करपलेल्या दुधाचा वास.

वळणावर दुकान एकच, सुलाबाईच्या चहाचं. ती धावत आली. गंगाखेडकडं निघालेली एक जीप तिनं रस्त्यात उभं राहून अडवली, बालाजीला मागच्या सीटवर घेतलं, त्याचं डोकं मांडीवर ठेवलं आणि दुकान उघडं टाकून दवाखान्यात गेली.

तोवर शेजारच्या फडातून ऊसतोडीची माणसं पळत आली. आपल्या भागातली माणसं मोठी मायाळू. जखमीला तर नेलं, आता काय करायचं? त्यांनी मोटारसायकल उचलून स्टँडवर लावली, वाकडं हँडल सरळ केलं, रक्तावर माती टाकली. "सायेब, तुमी बसा सावलीला," म्हणत गाडीही ढकलून परत लिंबाखाली, होती तिथं नेऊन लावली. ठाण्यातून जमादार आले तेव्हा रस्ता असा साफ, की अपघात फक्त बालाजीच्या पायात उरला होता.

मेहुणा गोपीचंद खबर मिळताच आला आणि आल्याबरोबर कानाला लागला. "दाजी, गाडी लिंबाखाली उभीच व्हती म्हना. त्यानंच येऊन धडकवली."

"अरे, पण पोरगं..."

"पोराला विमा देतोय की! दरसाल भरताव ते कशापायी? तुमच्यावर केस झाली तर पेन्शन अडकून बसंल."

गाडी खरंच लिंबाखाली उभी होती. दिनकररावांना नुसतं बोट दाखवावं लागलं. त्यांनी ते दाखवलं आणि जमादारांनी तसाच जबाब लिहून घेतला. बालाजीला तर काहीच आठवत नव्हतं. डोळे उघडले ते थेट दवाखान्यात. ऊसतोडीवाले आवाजानंतर आले होते. राहिली एक सुलाबाई.

त्या दिवसापासून दिनकररावांची झोप सुलाबाईच्या स्टोव्हवर चढली.

सुलाबाई म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि एक जीभ. बाई हातभर, पण वळणावर कुणी गाडी दामटली की रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडायची, "का रं, सरनाची घाई झाली का?" परभणीचा एक ट्रकवाला तर रोज मुद्दाम थांबायचा, म्हणायचा, हिच्या चहापेक्षा शिव्या कडक असतात, त्यांनी झोप उडते. बाभळीला लाल लुगड्याचा तुकडा बांधलेला. विटला की ती दुसरा बांधायची. धोक्याची पाटी सरकार लावील तेव्हा लावील.

दिनकरराव आता दिवसाआड चहाला येऊ लागले. आधी हवापाण्याचं बोलायचे, मग उसाचं, मग घसा खाकरायचे.

"सुलाबाई, त्या दिवशी... लय अचानक झालं, नाही का? कोण कुठून आलं, काय समजलंच नाही."

ती कप विसळत राहायची.

"तपासाला माणूस येणार आहे. तुम्हाला विचारील."

"इचारू द्या. दिसलं तेवढं सांगीन. घोटभर कमी न्हाई, घोटभर जास्त न्हाई."

एवढं बोलून ती अशी बघायची की दिनकरराव कप खाली ठेवून सुटे पैसे मोजायला लागायचे. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "गाव सोडून इथं या वळणावर कशाला दुकान थाटलंत? गिऱ्हाईक तरी काय येतं?"

तिनं स्टोव्ह बारीक केला.

"मालक हितंच गेले. योगीराज नाव त्यांचं. सायकलीवर वैरन घेऊन यायलते. गाडी उडवून गेली. मी आले तवा गर्दी ही एवढी! एकेकाला इचारलं. कुनी म्हनं आत्ताच आलो, कुनी म्हनं माझी नदर तिकडं न्हवती. बघनारा एक न्हाई निगाला, सायेब. कागदावर लिवलं, अज्ञात वाहन." तिनं लिंबाकडं पाहिलं. "म्हून हितं बसले. वळनावर कुनीतरी बघनारं पाह्यजे."

त्या दिवशी दिनकररावांनी चहा अर्धा टाकला. टाकलेला चहा तिनं रस्त्यावर ओतला आणि पाठमोरी म्हणाली, "बालाजीच्या पायात सळई घातली. डागदर म्हनतोय, वरीसभर परांचीवर चढायचं न्हाई. गवंडी परांचीवर चढला न्हाई तर करतोय काय?"

मग विमा कंपनीचा माणूस आला. शिवप्रसाद नावाचा, परभणीचा, बोलायला गोड. त्यानं दिनकररावांना दुकानावरच बोलावलं होतं. लिंबाखालची जागा पाहिली, जबाब वाचला आणि पेढा द्यावा तशा आवाजात म्हणाला, "छान. उभ्या गाडीला धडक, म्हणजे चूक सगळी त्याची. कंपनीला त्याला काही द्यावं लागत नाही, सर."

दिनकररावांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे? मी दरसाल विमा भरतोय. त्या पोराला त्यातून मिळणारच ना?"

"तुमची चूक असती तर कंपनीनं भरपाई दिली असती, सर. त्याच्याच चुकीची भरपाई त्याला कशी देणार?"

नोकरीत असताना टेलची, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या शेतांतली माणसं ऑफिसात येऊन रडायची, आणि दिनकरराव सांगायचे, पाणी सोडलंय, येईल. वर कुणी तरी गुपचूप गेट पाडलेलं असायचं. त्या 'कुणी तरी'ला त्यांनी आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या. आज गेटच्या चाकावर त्यांचाच हात होता, आणि टेलला बालाजी पाय पसरून बसला होता.

शिवप्रसाद सुलाबाईकडं वळला. "मावशी, तुम्ही इथंच होता ना? काय पाहिलं?"

सुलाबाईनं हात पदराला पुसले. सावकाश पुसले. आधी शिवप्रसादकडं पाहिलं, मग दिनकररावांकडं. तोंड उघडलं.

"थांबा!" दिनकरराव बाकड्यावरून उठले. "त्यांना नका विचारू. गाडी चालू होती. मीच रस्त्यावर घातली, आरशात न बघता. पोरगं आपल्या बाजूनं येत होतं. चूक माझी आहे. लिहून घ्या."

"सर, पोलिसांकडचा जबाब तर वेगळा आहे."

"तो खोटा आहे. इथून ठाण्यातच जातो. पेन्शनचं काय व्हायचं ते होऊ द्या."

शिवप्रसादचा चेहरा पडला, पण त्यानं लिहून घेतलं, सही घेतली आणि चहा न घेताच निघून गेला. दिनकरराव परत बाकड्यावर बसले. सुलाबाईनं न विचारता कप पुढं ठेवला. चहात आलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

दोन घोट पोटात गेल्यावर त्यांना धीर आला. या बाईच्या नजरेला भिऊन का होईना, आपण माणसात आलो, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

"सुलाबाई, एक विचारू? तुम्ही तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग इतके दिवस माझं तोंड बघत गप कशा बसलात?"

सुलाबाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"कुटं पाह्यलं, सायेब? दूध उतू चाललं व्हतं, माझी पाठ व्हती रस्त्याकडं."