काचेआडची पुस्तकं

इंजिन जाम झाल्याचा निरोप आला, तेव्हा मी कपाटांवरचे कागदी झेंडे गोंदानं पुन्हा चिकटवत होतो. चाकणच्या विकास गटाच्या ऑफिसात मी माहिती सहायक होतो. पंप, इंजिनं, बियाणं असं काय काय परदेशातून मदत म्हणून यायचं. त्यासोबत आलेली पुस्तकं, नकाशे, रिपोर्ट जागेवर लावायचे आणि मागेल त्याला काढून द्यायचे, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं.

आमच्याकडे रीत अशी होती, की कागद देशाप्रमाणे लावायचे. प्रत्येक देशाला एक काचेचं कपाट, वर झेंडा, खाली कुलूप. एकदा एका परदेशी पाहुण्यांना त्यांच्या देशाचं पुस्तक स्टोअरमध्ये तेलकट होऊन पडलेलं दिसलं आणि त्यांचा चेहरा पडला. तेव्हापासून किल्ल्या साहेबांच्या खिशात.

इंजिनं बसवायला सोळंके नावाचा फिटर होता. बीडकडचा, नुकतं लग्न झालेलं, नोकरी तात्पुरती. भामा नदीकाठच्या एका गावाला विहिरीवर नव्यानं मदत देऊ लागलेल्या देशाचं इंजिन बसवायचं होतं. कोणतं तेल घालायचं हे बघायला तो माझ्याकडे आला. साहेब दौऱ्यावर. मी त्याला काचेतून पुस्तकाचं कव्हर दाखवलं. आणखी काय दाखवणार, कपाळ? तिकडे सरपंच रोज सांगत होते, "इंजिन हाय, पन पानी न्हाई." शेवटी सोळंकेनं आधीच्या देशाच्या इंजिनात घालायचा तेच जाड तेल घातलं. ह्याला पातळ लागत होतं. इंजिन तापलं आणि अडकलं.

साहेब परतले. लगेच चौकशी. रिपोर्ट तयारच होता: पुस्तक ऑफिसात उपलब्ध होतं, फिटरनं पाहिलं नाही, सबब कामावरून कमी करावं. खाली माहिती सहायक म्हणून माझी सही हवी होती.

साहेब वाईट नव्हते. थकलेले होते. आम्ही सगळेच थकलेले होतो. पण त्या दिवशी मला राग आला.

"साहेब, पुस्तक काचेआड होतं आणि किल्ली तुमच्या खिशात. मी सही कशी करू?"

"पुढच्या आठवड्यात त्याच देशाचे पाहुणे येतायत. इंजिन बंद का, हे त्यांना मी काय सांगू?"

"काहीही सांगा. पण त्या पोराच्या पोटावर पाय देऊ नका."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी तो कागद फाडला आणि नवा लिहिला: वाहतुकीत बिघाड. खोटं होतं, पण त्यावर मी मुकाट्यानं सही केली. सोळंकेची नोकरी राहिली. किल्ली घेऊन मी पुस्तक काढलं आणि त्याला एकेक पान मराठीत सांगितलं. पुण्याहून सुटे भाग आणून त्यानं इंजिन चालू केलं. गावाला पाणी मिळालं.

मग मी साहेबांकडे हट्टच धरला. कागद कामाप्रमाणे लावायचे. तेलाचं सगळं एका ठिकाणी, मग ते कुठल्याही देशाचं असो. एका पुस्तकात दोन विषय असतील, तर दुसऱ्या जागी 'तिकडे बघा' असं सांगणारं कार्ड. ह्याला क्रॉस रेफरन्स म्हणतात. साहेब म्हणाले, करा, पण कपाटं रिकामी दिसता कामा नयेत.

म्हणजे काय, तर प्रती. मूळ पुस्तकं कपाटात, टाइप केलेल्या प्रती फिटरांकडे. पाहुणे यायच्या आधी तेलाची पुस्तकं तेवढी टाइप झाली, बाकीची पुढे कित्येक महिने मशीनवर बडवत होतो. बोटं सुजायची. बायको म्हणायची, अहो, एवढ्या कष्टात तुम्ही इंजिनीअर झाला असतात!

पाहुणे आले. झेंड्याखाली उभे राहिले, फोटो काढले. धुतलेला सदरा घालून सोळंकेही एका कोपऱ्यात होता. कपाट उघडायला कुणी सांगितलं नाही. चहा पिऊन मोटारी गेल्या.

मदत देणाऱ्याला ती दिसावी लागते आणि घेणाऱ्याला ती सापडावी लागते. दोन्ही जमवायचं, तर टायपिंग मात्र एकालाच करावं लागतं.