नळीखालची फट

नंदुरबारात बंदूक दुरुस्तीचं दुकान चालवलं की डोक्याला ताप फुकट मिळतो, आणि वर किस्से! त्या वर्षी तर कहरच झाला. रनाळ्याचे पोलीस पाटील सुकदेवबापू, त्यांची लहानगी पोर बिबट्याने अंगणातून उचलून नेली. बिबट्या मोकळाच फिरत होता, आणि आसपासची प्रत्येक रायफल माझ्या टेबलावर येऊन पडली.

माझं काम एवढंच. रायफलीचं मागचं लोखंड दस्त्याच्या लाकडात पक्कं बसवायचं. काजळी फासून बघायचं, डाग उमटेल तिथे तासायचं. पुढची नळी मात्र अधांतरी, खाली कागद सरकेल एवढी फट. लाकूड नळीला टेकलं की गोळी भलतीकडे जाते! सांगून सांगून माझा घसा बसला.

*

ब्राह्मणपुरीचे एक पटेल फट बघून भडकले. "लाकूड कमी पडलं का रे तुला?" गावच्या सुताराकडून आत पाचर ठोकून आणली आणि मलाच म्हणतात, "बघ, असं असतं फिटिंग!" मी पाचर उपटून रस्त्यावर फेकली.

*

एकाने तर फटीत विड्या ठेवल्या! "कोरड्या ऱ्हातस," म्हणे. त्याच्यादेखत भट्टीत घातल्या.

*

प्रकाशा गावच्या नानांनी दसऱ्याला रायफल पूजली. नळी आणि दस्ता मिळून नाडा असा करकचून बांधला की फटच गायब! "नाना, सोडा तो!" "देवना नाडा शे, सोडाना नही!"

बिबट्या समोर आला, गोळी लागली चिंचेला. "चिंच आडवी उनी," नाना म्हणाले.

"चालत आली का हो चिंच?" मी ओरडलो.

*

सुकदेवबापूंची रायफल मात्र मी जीव ओतून बसवली. रनाळ्याला जाऊन निशाणावर गोळ्या मारून दाखवल्या. बजावलं, "बापू, या फटीला कोणी हात लावायचा नाही!"

पुढे बिबट्या त्यांच्याच गोठ्याशी आला, आणि बापूंची गोळी हुकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी रायफल माझ्यापुढे आदळली. "आग लागो तुन्हा कामले! समोर व्हता तो, समोर!"

मी नळीखाली कागद घातला. सरकेना. आत मेण आणि चिंध्या, काडीने खुपसून खुपसून भरलेल्या. माझं टाळकंच सणकलं. "कोणत्या गाढवाने केलं हे? नाव सांगा! पोर गेली तरी अक्कल येत नाही तुम्हा लोकांना?"

बापूंनी रायफल जवळ ओढून घेतली.

"पोरनी मायनी भरी," ते म्हणाले. "पोर गयी तवयपासून ती घरमा एक बी फट ऱ्हाऊ देत नही."